मॉरीनच्या दारावरचा गुलाब

मॉरीन टॅपस्कॉटने डेव्हनमधल्या ऑल्डरकोम गावाला सर्वांत नेटक्या गावाचा करंडक दोनदा मिळवून दिला. गावाने तिचे पांग कसे फेडले, तेही ऐका.

शाळेच्या स्वयंपाकघरात ती मुलांना जेवण वाढायची, उरलेला सगळा वेळ मातीत. म्हाताऱ्या लस्कमचं दगडी घर लग्नापासून भाड्याने घेतलेलं. नवरा त्याच घरात वारला. करंडकाचे परीक्षक न सांगता येतात, म्हणून उन्हाळाभर ती बसथांब्याजवळचं गवतसुद्धा स्वतः कापायची. स्वतःच्या दारावर तर तिने असा गुलाब चढवला होता की येणारेजाणारे गाडी थांबवून बघायचे.

वसंतात ओढ्यालगतच्या शेतात कमी भाड्याची आठ घरं बांधायचं निघालं. ग्रामसभेच्या अध्यक्ष व्हिनीबाई, लंडनची नोकरी संपवून इथे येऊन राहिलेल्या, म्हणाल्या, "घरं हवीतच हो, नाही कोण म्हणतंय? पण इथे नकोत. आपल्या करंडकाचं काय?"

विरोधात पहिला हात वर गेला तो मॉरीनचा. वर म्हणाली, "कोण कुठली माणसं येतील, दारात फाटक्या गाद्या टाकतील. मी काय त्यांचं अंगण झाडत बसू?" सभा खळखळून हसली, प्रस्ताव पडला. व्हिनीबाईंनी तिची पाठ थोपटली आणि मॉरीनबाई हवेत. भाड्याच्या घरात राहून आपल्याच पायावर धोंडा पाडून घ्यायचा, आणि तोही टाळ्या घेत! राग येतो तो याचाच.

जुलैत करंडक मिळाला. पेपरात फोटो आला: मॉरीन, तिचं दार, तिचा गुलाब. लस्कम म्हातारा आदल्या वर्षीच गेला होता. घर आता ब्रिस्टलला राहणाऱ्या त्याच्या मुलाचं. फोटो पाहून एका जोडप्याने त्याला गाठलं, सुट्टीत येऊन राहायला घर हवं म्हणून. सौदा सहा लाख पौंडांना ठरला. मुलगा मॉरीनकडे आला, चहा प्यायला आणि म्हणाला, "तुमच्या गुलाबामुळेच एवढी किंमत आली हो. थँक्यू!" आणि घर रिकामं करायला सांगून गेला.

तिला परवडणारी खोली मिळाली ती वीस मैलांवर, कारखान्यामागे, तिसऱ्या मजल्यावर. गावात राहायचं तर एकच आशा होती. ओढ्याकाठच्या घरांचा प्रस्ताव, आठांची सहा होऊन, शरदात पुन्हा सभेपुढे आला.

मॉरीन उभी राहिली. "मागच्या वेळी मी चुकले," ती म्हणाली. "माझी माणसं इथल्याच मातीत आहेत. मला इथून जायचं नाही. त्यातलं एक घर मला मिळू शकतं."

कुणी तिच्याकडे बघेना. शेजारचा डेस्मंड तेवढा बोलला. त्याच्या बायकोच्या आजारपणात मॉरीन रोज त्याच्या घरी सूप पोचवायची.

"वाईट वाटतं गं," तो म्हणाला. "पण फाटक्या गाद्यांचं तूच म्हणाली होतीस ना?"

मागच्या बाकांवर कुणीतरी फिसकन हसलं.

व्हिनीबाईंनी हात वर करायला सांगितले. घरांच्या बाजूने एकच हात होता. त्याच्याकडे त्यांनी मायेने पाहिलं.

"मॉरीन, अगं, तू तर शनिवारी जातेयस ना? मग तुझं मत कसं धरणार? इथे राहणाऱ्यांवर अन्याय होईल, राणी."

प्रस्ताव एकमताने फेटाळला गेला. सभेनंतर कपबश्या विसळायची पाळी मॉरीनची होती. तिने त्या विसळल्या.