वाकडं राहू द्या

मायवोर कामावर आली की आधी खुर्चीत बसते, मग कोट काढते. गुडघे गेलेत. आमच्या गावच्या संग्रहालयात, मधल्या दालनातल्या पोलादी शिल्पापाशी ती राखणीला बसते. एका उभ्या दांड्यावर मोठे पत्रे ओवलेत. लोकांनी ते हाताने फिरवायचे, हवा तो आकार करायचा आणि तसाच सोडून जायचं. मी इथली दुरुस्तीची कामं बघते, अधूनमधून त्याच्या बेअरिंगना वंगण घालते.

त्या दिवशी संचालक टूर्केल दोन फोटो घेऊन आला.

"हा वसंतातला, हा कालचा. फरक दाखव. कोणी हातच लावत नाही, मायवोर. सोमवारी बोल्ट ठोकून पक्कं करू. तू पाहुण्यांचे कोट ठेवायच्या खिडकीवर जा."

"तिथे दिवसभर उभं राहावं लागतं."

"निवृत्तीला एकच वर्ष राहिलंय तुझं."

"ते माझ्या गुडघ्यांना सांग."

मी बेअरिंग उघडून दाखवलं. वंगण काळंकुट्ट झालं होतं. "न फिरवता असं होत नाही," मी म्हटलं.

"फिरवतात गं," मायवोर थकल्या आवाजात म्हणाली. "आणि जाताना होतं तसं करून ठेवतात. इमारतीतल्या सगळ्यांच्या सामायिक धुलाईखोलीत कपडे धुऊन झाल्यावर फरशी पुसल्याशिवाय बाहेर पडतं का कोणी आपल्यात?"

टूर्केल हसला. बोलता बोलता त्याने एक पत्रा फिरवला होता; तो नीट जागेवर ढकलून निघून गेला. जाताना म्हणाला, "सोमवारपर्यंत बघतो."

दुपारी एक म्हातारं जोडपं आलं. नवऱ्याने पत्रे उलटसुलट केले, मनापासून. बायको म्हणाली, "इंगेमार, सरळ कर ते. ही बघतेय."

"वाकडंच राहू द्या," मायवोर म्हणाली.

"छे! मागाहून तुलाच आवरावं लागायचं. आधीच दमलेली दिसतेस," बायको म्हणाली आणि स्वतःच पत्रे सरळ करायला लागली.

तिची कीव येऊन लोक आवरत होते. मायवोर उठली आणि खुर्ची ओढत जिन्याजवळच्या बोळात गेली. तिथून शिल्प दिसत नाही, आणि दाराच्या फटीतून गार वारा येतो.

सोमवारी टूर्केल आला तेव्हा पत्रे पार तिरपेतारपे झाले होते. त्याने फोटो काढला. मायवोरचा हात आपसूक पत्र्याकडे गेला. तिने तो दुसऱ्या हाताने धरून ठेवला.

"बोल्ट नकोत," टूर्केल म्हणाला. "पण खुर्ची बोळातच राहू दे."

"वर्षभर?"

"वर्षभर."

"मग एक घोंगडी तरी दे बाबा," मायवोर म्हणाली आणि बोळाकडे वळली.