खबऱ्याच्या घरचं लुगडं

आमी दोघा नवराबायकोनं शेवटचं संगं काय केलं म्हणान त एक पिक्चर पाह्यला. देवाधर्माचं काई नाई. इतवारची दुपार होती, टीव्हीवर हिंदी पिक्चर लागला होता. मी खाटेवर बसून फाटलेलं जाळं जोडत होतो अन् ती खाली सूप घेऊन सुकट निवडत होती. आमी तलावावर मच्छी मारणारे लोक. पोरगं राजुऱ्याकडं कोळशाच्या खाणीत कामाले आहे, त्यानंच टीव्ही घेऊन देल्ला.

पिक्चर असा होता. आपल्याच देशातले काई पोरं शहरात बॉम्ब लावायच्या तयारीत असतेत. सरकारचा एक एजंट त्यायचा दोस्त बनून त्यायच्यात घुसते. त्यायच्या संगं जेवते, झोपते अन् चोरून सरकारले खबर देते. डोळ्यावर काळा चष्मा, बुडाखाली मोठी गाडी. मारामारीत त्याचे केस बी विस्कटत नाईत.

"हा खबऱ्या हाय का जी?" तिनं विचारलं.

"हो. सरकारचा."

"एवढा चकाचक? याले त गावचं कुत्रं बी ओळखन."

मले हासू आलं.

"तुमी काऊन हासता? तुमच्यानं त घरात बिडी नाई लपत."

ती हासून बोलली, पण खबऱ्या हा शब्द आमच्या घरात कोणी सहज काढत नाई. तिचा सख्खा भाऊ खबऱ्या म्हणून मारल्या गेला.

तिचं माहेर अन् सासर एकाच गावात, अन् गाव जंगलाच्या पोटात. भाऊ बी मच्छीवालाच. मोठी मच्छी लागली की सायकलवर टोपली बांधून पोलीस कॅम्पात विकून ये, कारण एवढी मच्छी घेणारं दुसरं गिऱ्हाईक नव्हतं. जंगलातले बंदूकवाले आले की त्यायले बी दे, कारण नाई म्हणायची सोय नव्हती. दोन्हीकडचे त्याची मच्छी खात. एका सकाळी बंदूकवाल्यायनं त्याले घरातून नेलं, गावाले तलावाच्या पाळीवर, म्हंजे बांधावर, बोलावलं, हा पोलिसायचा खबऱ्या आहे म्हणून सांगितलं अन् सर्व्यायसमोर मारलं. घरी सायकलवर टोपली बांधलेलीच राह्यली.

तवापासून त्याच्या घरी कोणी गेलं नाई. रागानं नाई, भेवानं. खबऱ्याच्या उंबऱ्यात पाय ठेवन तो दुसरा खबऱ्या, असा हिशेब होता. त्याले लेकरू नव्हतं. बायको एकटीच पाळीखालच्या घरात राह्यली. माझी बायको तिले वहिनी म्हणे, मी बी इथी वहिनीच लिहितो.

ह्या दोघी गावात एकमेकीकडं पाहत बी नव्हत्या. पण आठवडी बजारात वहिनी सुकट घेऊन बसे अन् आमची म्हातारी गिऱ्हाईक बनून तिच्यासमोर उकिडवी बसे. घरी सुकटीचं पोतं भरलेलं, तरी ही सुकट घ्याले जाये. दोघी भाव करत. एक म्हणे, काय महाग लावली वं, दुसरी म्हणे, परवडत नसन त उठ. अन् त्या भांडणाच्या मधातच हळूच, तब्येत कशी हाय, घर गळते का, हे सारं बोलून घेत. दिवाळीच्या बजारात वहिनी टोपलीतल्या सुकटीखालून एक खण काढून हिच्या पिशवीत टाके. भावाच्या घरची भाऊबीज. त्या खणाचं पोलकं कितीही धुतलं तरी सुकटीचा वास मारे. त्या एजंटनं ह्या दोघीयकडं शिकाले यावं, एवढ्या त्या पक्क्या होत्या.

पिक्चरमधी मंग त्या एजंटची माय मरते. सरण पेटते अन् हा दूर झाडामागं उभा, काळा चष्मा लावून. समोर येत नाई.

सुपातले हात थांबले. "पोटचा पोरगा अन् आग देत नाई?"

"गेला त उघडा पडन ना. घरच्याले बी मालूम नसते थो कोन हाय."

"घरच्याले बी नाई?"

"नाई. सांगाचंच नसते त्यायनं."

"म्हंजे बहिनीले बी नाई?"

मी जाळ्याची गाठ मारून राह्यलो होतो. बोलून गेल्यावर ध्यानात आलं की आपण काय बोललो.

एवढी वर्षं ती एकच गोष्ट सांगत आली. माझा भाऊ खबऱ्या नव्हता. कशावरून, त तसं असतं त त्यानं मले सांगितलं असतं. मले सांगितल्याबिगर तो पाणी बी पीत नव्हता. तिच्यापाशी याच्याशिवाय दुसरा पुरावा नव्हता. पोलिसायनं हो बी म्हटलं नाई, नाई बी म्हटलं नाई. अन् त्या टीव्हीनं दुपारच्या वक्ती घरात येऊन तिचा तो पुरावा काढून नेला.

"तुमाले काय वाटते जी?" तिनं माझ्याकडं न पाहता विचारलं. "होता का थो?"

"पिक्चर हाय थो. चाय ठेव."

ती उठली. चाय ठेवला. कप माझ्या हातात देताना म्हणे, "मी गेली त माहेरचं लुगडं कोन आनन?"

आमच्यात नवऱ्याच्या आधी बाई गेली की तिच्या अंगावर शेवटचं लुगडं माहेरचं पडते. सासरची साडी खाली, माहेरचं लुगडं वर. ते भावानं आणाचं. भाऊ नसन त भावाच्या घरच्यायनं. नाई आलं त बाई बिनमाहेराची गेली, असं बाया बोलतेत, अन् ते बोलणं मांगं राहते.

"मीच पयले जाईन," मी म्हटलं. "तू कायले फिकीर करतं?"

"तुमी कुठी जाता? तुमाले चाय कोन देईन वरतं?"

शेवटी एजंट जितला. एका बंद खोलीत मोठ्या साहेबानं त्याच्या छातीले मेडल लावलं.

"दरवाजा लावून काऊन देतेत?" ती बोलली अन् सूप घेऊन मांगच्या आंगणात गेली.

दिवेलागणीले कोंबड्या झाकून आली, छातीत कसंतरी होऊन राह्यलं म्हणे, भिंतीले टेकून बसली. मी पाणी आणलं तवरक संपलं होतं. तिनं विचारलेलं तसंच राह्यलं, अन् माझं शेवटचं बोलणं काय, त तू कायले फिकीर करतं.

रातचं काई लिहीत नाई.

सकाळी पोरगं राजुऱ्याहून आलं. रडून झाल्यावर कामाले लागलं. बाया विचारून राह्यल्या होत्या, माहेरचं लुगडं कुठी आहे. पोरगं मले बाजूले घेऊन म्हणे, "बाबा, मी गाडीवर जाऊन दुकानातून एक आनतो. माहेरची म्हनून टाकून देऊ. कोनाले काय समजते?"

"तिले समजते," मी म्हटलं.

आमच्या जातीतला एक म्हातारा बसला होता, तो म्हणे, "भाऊ, तिच्या चुलत्याच्या घरून मागून घे. त्या घरचं नको. अन् तिचा हात बी रांडव बाईचा. उगा कायले जुनं उकरतं?"

"तू बस इथी," मी त्याले म्हटलं. "लाकडं मोज."

मी चपला घालून निघालो. बंदूकवाले आता कुठी दिसत नाईत. काई शरण गेले, काई मेले. डांबरी रस्ता झाला, टॉवर झाला. पण त्या घराची पायवाट गवतानं बुजलेलीच होती. धोतर वर धरून जा लागलं.

वहिनी उंबऱ्यावर बसून होती. मांडीवर बजारातली टोपली. तोंड सुजलेलं. मले पाहून उठली.

"रातीच रडनं आयकू आलं, भाऊजी. पाळीपर्यंत आली अन् वापस गेली. म्हटलं, आपल्या पायानं तुमच्या घराले काई व्हाले नको." तिनं टोपली समोर केली. "घ्या. तुमीच न्या. वर सुकट टाकली हाय. कोनी इचारलं त मच्छी म्हना."

सुकटीतून हिरवा काठ दिसत होता.

मले विचाराचं होतं. होता का तो? साऱ्या दुनियेत कोणाले मालूम असन त ह्या बाईले. शब्द तोंडात आला होता. पण मी लुगडं न्याले आलो होतो. अन् हो म्हणाली असती तरी लुगडं हेच होतं, नाई म्हणाली असती तरी हेच.

मी टोपली घेतली अन् सुकट आंगणात उलटी केली. कोंबड्या धावत आल्या. लुगडं झटकलं अन् तिच्या दोन्ही हातायवर ठेवलं.

"असं उघडं?" वहिनी म्हणे. "गावातून?"

"उघडं. तुमी चाला समोर. मी मांगं हावो."

"मी अशी रांडव..."

"तुमी तिच्या भावाची बायको हा. चाला, बाई."

ती चालली. पाळीवरून, जिथं त्याले मारलं होतं तिथून, मंग बोरिंगपासून, मंग गावाच्या मधातून. लुगडं दोन्ही हातायवर, लेकरू धरावं तसं. बोरिंगवरच्या बाया पाण्याचे गुंड तसेच ठेवून उभ्या राह्यल्या. एका घरचं दार लागलं. पण कोणी आडवं आलं नाई.

आमच्या आंगणात जातीतला तो म्हातारा उठला, अन् बाजूले सरकला. वहिनी खाली बसली. तिनं लुगडं उकललं, म्हातारीच्या अंगावर टाकलं. अन् बजारात भाव करताना बोलत तशीच हळू काईतरी बोलली. मले आयकू आलं नाई. मी पायाकडून काठ ओढला अन् पावलं झाकली.

पोरगं माझ्या कानाशी आलं. "बाबा, सुकटीचा वास येऊन राह्यला. अत्तर टाकू का?"

"राहू दे," मी म्हटलं.