आपलंच होय न जी

पवनीकडच्या आमच्या गावातला राईसमिलवाला कशालाच ‘माझं’ म्हणत नसे. मिल आपली, ट्रॅक्टर आपला, पंचायतही आपलीच. समोरच्याच्या खांद्यावर हात ठेवायचा आणि म्हणायचा, “आपलंच होय न जी!”

आणीबाणी उठली त्या वर्षी पंचायतीने नळयोजना काढली. विहीर पंचायतीची, मोटार त्याची आणि खोदकाम गावाचं, असं ठरलं. आम्ही नाल्या खोदत होतो तेव्हा हा छत्री धरून उभा. “खोदा जी, आपलंच काम होय!”

उन्हाळ्यात नळ कोरडे पडले. विहिरीत पाणी होतं, पण मोटार दिवसभर मिलचा हौद भरत होती. त्यात उकड्या तांदळासाठी याचं धान भिजत होतं. सरपंचाला जाब विचारला, तर तो म्हणतो, “मोटार त्यायची आहे न बाप्पा!”

शेवटी माझी काकू घागर घेऊन मिलमध्ये शिरली आणि तिने ती हौदात बुडवली. हा धावत आला.

“काय करून राहिली वं?”

“पाणी नेऊन राहिली. आपलंच होय न जी!”

त्याने घागर हिसकावली आणि पाणी परत हौदात ओतलं.

“हौद माहा आहे!”

इतक्या वर्षांत त्याच्या तोंडून ‘माहा’ मी पहिल्यांदाच ऐकलं. हरामखोर एकदाचा खरं बोलला.