कोपरापुरतं तिबेट

सनीव्हेलहून निघताना बाकीचं सामान मी विमानाच्या पोटात जाऊ दिलं. एक पिशवी तेवढी मांडीवर ठेवली. तिच्यात एक मोरपंखी स्वेटर होता.

स्वेटर माझ्या बायकोचा, सुधाचा. लग्न होऊन अमेरिकेला यायच्या आधीच्या हिवाळ्यात तिने तो माहेरी नागपूरला, सीताबर्डीच्या फुटपाथवर बसणाऱ्या एका तिबेटी बाईकडून घेतला होता. कॅलिफोर्नियातले सोळा-सतरा हिवाळे तिने त्यातच काढले. कुणी स्वेटरचं कौतुक केलं की तिची गोष्ट सुरू होई. "हिमालयातल्या बाईने स्वतःच्या हाताने विणलाय. मी विचारलं होतं तिला!" मग म्हणायची, एकदा तिथे जाऊन ते हात बघायचेत. गेल्या वर्षी सुधा गेली. ते जाणं राहून गेलं.

नंतर कधीतरी स्वेटरच्या उजव्या कोपराला पडलेलं भोक माझ्या लक्षात आलं. नुसती घडी घातली तरी ते वाढायचं. खालच्या मजल्यावरच्या मालतीकाकू म्हणाल्या, "आणा इकडे, मी रफू करून देते." मी नको म्हणालो. ज्या हातांनी तो विणला त्या हातांनी, निदान त्यांच्या गावात, त्यांच्याच लोकरीने तो सांधला जावा, असं मनाने घेतलं होतं. आमच्याकडे लोक सुधाचं नाव घेताना आवाज खाली आणत, आणि लगेच विषय बदलत. तिची म्हणून धडधाकट राहिलेली एवढी एक गोष्टच होती, आणि तिलाही भोक पडलं होतं.

विमानतळावर सोडताना माझी मुलगी मुक्ता म्हणाली, "डॅड, या वेळी तरी कॅन्सल नको करू. जस्ट गो."

दिल्लीहून रेल्वेने पठाणकोट आणि तिथून बसने धर्मशाळा. वळणं सुरू झाली तशी शेजारच्या बाईंचा चेहरा पांढरा पडला. त्यांनी माझ्या पिशवीकडे हात केला. "भाईसाहब, ज़रा वो थैली..." मी पिशवी छातीशी धरली आणि घाईघाईने डोक्यावरची टोपी काढून दिली. बाईंनी ती वापरली. उतरताना त्या फार संकोचून म्हणाल्या, "टोपी धो के दे दूँ?" मी म्हणालो, राहू दे. पुढचे तीन दिवस माझे कान गारठलेले होते.

धर्मशाळेहून मॅक्लिऑडगंजला, तिबेटी निर्वासितांच्या गावाला, दुसरी बस वर चढते. शेवटच्या वळणावर देवदार बाजूला झाले आणि धौलाधार डोंगररांगेची बर्फाची भिंत एकदम समोर आली. बसमधल्या कुणीही मान वर केली नाही. माझ्याच तोंडून "अगं, बघ" निघून गेलं. पुढच्या बाकावरच्या बाईंनी वळून पाहिलं. मी खिडकीबाहेर बघत राहिलो.

गाव म्हणजे बाजाराच्या दोन अरुंद गल्ल्या, आणि त्यांच्या मध्ये प्रार्थनाचक्रांची रांग. भाजी घेऊन जाणारी बाई, काठी टेकत चाललेले आजोबा, जो येईल तो जाता जाता चक्रांना हात लावून ती फिरवत होता. संध्याकाळी गारा पडल्या. एका टपरीवजा हॉटेलात मी थुक्पा (शेवयांचं गरम पातळ कालवण) मागवला. वाफेने चष्मा धुरकटला आणि तो पुसण्याच्या नादात मी हिरवी मिरची चावली. मालक म्हणाला, "रोइए मत साहब, सब रोते हैं." मला ते सोयीचं वाटलं.

सकाळी स्वेटर घेऊन दुकानं धुंडाळायला लागलो. लोक तो हातात घेत, गालातल्या गालात हसत आणि परत देत. एकजण म्हणाला, "नागपुर? नागपुर तो पेमा जाती है." पेमा देवळाखालच्या रस्त्यावर एका फळीवर लोकरीचे मोजे मांडून बसली होती. वय पन्नाशीच्या पुढचं. अंगात लांब झगा, त्यावर पांगदेन (लग्न झालेल्या बायका पुढे बांधतात तो पट्ट्यापट्ट्यांचा एप्रन). हातात सुया चालूच. मी हिंदीत जुळवाजुळव करू लागलो. तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"मराठी हाय का भाऊ तुम्ही? मंग हिंदीत कायले बोलून राह्यले?"

मी तिथल्या दगडावर बसलो. 'कायले' हा सुधाचा रागावण्याचा शब्द. आमच्या पुणेरी घरात ती तो एरवी आवरून धरी, आणि माझ्यावर चिडली की सोडून देई. वर्षभरात मला कुणी तसं विचारलं नव्हतं.

पेमाने लाकडी वाटीत चहा ओतला, मीठ आणि लोणी घातलेला. पानात काही टाकायचं नाही या आमच्या घरच्या शिस्तीने मी डोळे मिटून तो संपवला. तिने वाटी पुन्हा भरली. मी पुन्हा संपवली. तिने पुन्हा भरली.

"लईच आवडला का भाऊ?"

"नाही हो ताई. उष्टं टाकायचं नसतं, म्हणून पितोय."

ती इतकी हसली की एक टाका सुटला. "आमच्यात वाटी रिकामी केली का पुन्हा भरतेत! भरलेलीच ठेवा न. उठताना प्यायचा."

मग मी स्वेटर काढला. "हा तुम्ही विणलात का? किंवा इथल्या कुणी?"

तिने तो उलटा केला आणि शिवणीवरून अंगठा फिरवला. "हा तं लुधियान्याचा माल हाये. मशीनचा. आम्ही सारे तिथूनच गठ्ठे उचलतो, अन् मंग नागपूरले येतो."

"पण तिने विचारलं होतं. ती बाई हो म्हणाली होती."

पेमाचा अंगठा शिवणीवर थांबला. "साऱ्याच पोरी विचारतेत. 'मावशी, तुम्ही विणला का?' हो म्हटलं का पोरगी खूश होऊन जाये. नाई कायले म्हणाव?" मग हळू आवाजात तिने विचारलं, "कोण होती?"

"माझी बायको. गेल्या वर्षी गेली."

मी स्वेटर परत घेतला आणि त्याची घडी घालू लागलो. अर्धी पृथ्वी ओलांडून मी लुधियानाच्या एका कारखान्यापाशी पोचलो होतो. मुक्ताला काय सांगायचं? आईची गोष्टही रेडिमेड होती, असं?

"कुठं निघाले? चहा हाये अजून," असं म्हणत पेमाने घडीतूनच स्वेटर ओढून घेतला. "ह्या रंगाची लोकर नाई माह्यापाशी. ही चालंल?" तिच्या सुयांवर नातवासाठी विणायला घेतलेला मरून रंगाचा मोजा होता. मी काही बोलायच्या आत तिने तो उसवला.

दुपारभर ती भोकाच्या कडेचे टाके एकेक करून सुईवर घेत होती. विणता विणता मला सुधाबद्दल विचारत होती. भाव करायची का? खूप, मी म्हणालो, घेतलेली वस्तू परत ठेवून चार पावलं चालून जायची. "मंग माह्याकडंच आली असंल! आम्ही हाका मारतो मागून," पेमा म्हणाली. चिडायची का? गायची का? मी सांगत गेलो. माझा आवाज नेहमीइतकाच मोठा आहे हे माझ्या उशिरा ध्यानात आलं. धौलाधार ढगात गेला, पुन्हा बाहेर आला. वाटीतल्या चहावर लोण्याची साय धरली.

ठिगळ जाड झालं होतं आणि रंगाने अजिबात जुळत नव्हतं. पेमाने बाही ताणून पाहिली आणि स्वेटर माझ्या हातात ठेवला.

"आता कोणी विचारलं तं खुशाल सांगा. हात माहाच हाये."

मी तिचे हात पाहिले. बोटं आखूड होती, तर्जनीवर सुईने पडलेला घट्टा होता. मग मी तो गार चहा तळापर्यंत प्यायलो. या वेळी तिने वाटी भरली नाही.

सॅन फ्रान्सिस्कोला मुक्ता घ्यायला आली होती. गाडीत बसल्याबरोबर तिने पिशवीतून स्वेटर काढला आणि कोपर चाचपलं. "सो? आईची स्टोरी खरी होती?"

उत्तराची तयारी मी विमानात केली होती, पण त्यातलं काही आठवेना. "कोपरापुरती खरी आहे," मी म्हणालो, आणि लुधियानासकट सगळं सांगितलं. ती गाडी सुरू न करता ऐकत राहिली.

याला आता काही आठवडे झाले. परवा आमच्याकडे चार घरची मंडळी जेवायला होती. मुक्ता तो स्वेटर घालून वाढत होती. मालतीकाकूंनी विचारलं, "अगं, हे मरून ठिगळ कुणी लावलं?" आणि मुक्ता भांडं तसंच हातात धरून, आपल्या मोडक्या मराठीत सुरू झाली, "हिमालयातल्या बाईने, हाताने. पण काकू, आधी लुधियाना ऐका..."

लुधियानाशी येताच सगळे हसले. मालतीकाकू सर्वांत मोठ्याने. "सुधा त्या बाईशी भांडायला गेली असती हो," त्या म्हणाल्या. "आणि येताना आणखी दोन स्वेटर घेऊन आली असती," दुसरं कुणीतरी म्हणालं. विषय कुणी बदलला नाही. बराच वेळ सुधाचंच चाललं होतं.

प्रवासाला जाऊन काय पाहिलं, असं लोक विचारतात. बर्फाचे डोंगर पाहिले, प्रार्थनाचक्रं पाहिली. हातही पाहिले. ते सुधाला सांगायचं राहिलंय.