पायरीवरचे दोघे

कॅथलिक बाईशी लग्न केलं तेव्हा बाप्तिस्म्याची तयारी वर्षभर चालते हे मला ठाऊक नव्हतं. पांढरकवड्याच्या छोट्या चर्चमध्ये आम्ही दोघंच दीक्षार्थी होतो. एक मी, शाळेतला मास्तर, आणि दुसरा कपाशीवर रोजाने औषध फवारणारा मजूर. बाप्तिस्मा ईस्टरला व्हायचा होता. पुढचा विधी बाप्तिस्मा झालेल्यांसाठीच असल्याने तोवर दर रविवारी प्रवचन संपलं की आम्हाला आशीर्वाद देऊन बाहेर पाठवत, आणि तिथे पायरीवर एक सिस्टर आम्हाला धर्मशिक्षण देई. इतक्या सन्मानाने मला कुणी कधी हाकललं नव्हतं.

त्या भाद्रपदात फवारणी करणारी माणसं आजारी पडू लागली होती. चर्चच्या पायरीवर बसून लाल डोळे चोळत तो मजूर म्हणाला, "सर, जीवावर बेतलं तं कोनीबी पानी ओतून बाप्तिस्मा देऊ शकते, असं शिकवलं ना सिस्टरनं? थे शब्द पाठ करून ठेवा."

"अरे, माझाच व्हायचाय अजून!"

"चालते म्हने."

"आधी फवारणी सोड."

"मंग तुमी मारता का पंप?"

पुढच्या रविवारी मी शब्द पाठ करून गेलो. ओतायला पाण्याची बाटलीही नेली आणि स्वतःलाच हसलो. तो भिंत चाचपत आला. पायरी त्याला दिसलीच नाही. मी त्याला तसंच ऑटोत बसवलं. दवाखान्याच्या वाटेवर त्याचे ओठ कोरडे पडले, म्हणून बाटली उघडून प्यायला त्याच्या हातात दिली.

त्याने ती मागे सारली. "राहू द्या सर, पुरलं पायजे."