कॅमेऱ्याकडे बघणारी माणसं

माझ्या नवऱ्यानं उभ्या आयुष्यात कुणाला "जरा हसा" म्हटलं नाही. फोटो काढणारा माणूस, पण हसा म्हणणार नाही, मान वर करा म्हणणार नाही, थांबा म्हणणार नाही. समोरच्याला कळलं की आपला फोटो निघतोय, की ह्यांच्या लेखी तो फोटो संपला.

पोटापाण्याला ते चष्म्याच्या दुकानात होते. मागच्या खोलीत बसून काचा घासायच्या, फ्रेममध्ये बसवायच्या, सैल झालेल्या काड्या आवळायच्या. हात इतका स्थिर की चिमट्यात धरलेला राईएवढा स्क्रू पहिल्या खेपेला जागेवर जायचा. दुपारी एक ते दोन जेवणाची सुट्टी. डबा दहा मिनिटांत उरकून ते चौकात जाऊन उभे राहायचे. गळ्यातला कॅमेरा पोटावर लोंबतोय, हात त्याच्यावर सहज ठेवलेला आणि नजर भलतीकडेच, एखाद्या पाटीवर नाहीतर तारेवरच्या कावळ्यांवर. बघणाऱ्याला वाटावं, हा बसची वाट बघतोय. अंतर आधीच लावून ठेवलेलं असायचं, आठ फूट. आठ फुटांवरून कुणी गेलं की पोटावरचं बोट हलायचं. फोटोत कोण आलं हे त्यांना स्वतःलाही रविवारपर्यंत ठाऊक नसायचं.

चौकातल्या दुकानदारांनी त्यांचं नाव 'टेहळ्या' ठेवलं होतं. एकदा एका गृहस्थाला संशय आला की हा आपल्या बायकोचे फोटो काढतोय, आणि त्यानं भर रस्त्यात ह्यांची कॉलर फाडली. घरी आले ते फाटकी कॉलर हातात धरून, पण तोंडावर हसू. म्हणाले, "अगं, त्याचा हात वर गेला ना, तेव्हा माझं बोट दाबलं गेलं. काय आलं असेल बघू." मी कपाळाला हात लावला आणि सुईदोरा घेऊन बसले. शिवणकाम हा माझा धंदा. लोकांच्या पँटी आखूड करून आणि कोटांची अस्तरं बदलून मी निम्मं घर चालवलं आहे, तेव्हा कॉलरचं मला काही वाटलं नाही. वाटलं ते एवढंच, की मार खाऊनसुद्धा ह्या माणसाला आधी फोटो सुचतो.

रविवारी दुपारी न्हाणीघर त्यांच्या ताब्यात. खिडकीला घोंगडी, दाराच्या फटीत माझी जुनी चादर. कुणाला काही अडलं तर शेजारी जायचं. फिल्म धुऊन झाली की कपडे वाळत घालायच्या दोरीवर चिमटे लावून टांगायची. एका टोकाला माझे परकर आणि दुसऱ्या टोकाला छत्तीस अनोळखी माणसं, असा आमचा रविवार.

फिल्म वाळली की तिच्या पट्ट्या कापायच्या. मग दुधी काचेखाली दिवा लावून, डोळ्याला भिंग लावून एकेक चौकट तपासायची. त्यासाठी त्यांनी दुकानातून एक चिमटा आणला होता, चष्म्याच्या पाकिटांच्या पट्ट्यांना भोकं पाडायचा. ज्या चौकटीत माणूस कॅमेऱ्याकडे बघताना सापडेल, तिथे नेमका त्याच्या डोळ्यांवर तो चिमटा दाबायचा. टक्. झाली ती चौकट बाद.

"अहो, बाद तर बाद. भोक कशाला?" मी एकदा विचारलं.

"ठेवली तर एखाद्या दिवशी मोह होईल. मग छापीन. आणि एकदा छापली की सगळंच खोटं व्हायला लागेल."

हे त्यांचं तत्त्व. मला ते तेव्हाही पटलं नव्हतं, पण नवऱ्याची तत्त्वं म्हणजे घरातलं अवजड कपाट. हलवायच्या फंदात कुणी पडत नाही, वळसा घालून जातात. आणि निगेटिव्हमध्ये सगळंच उलटं दिसतं. केस पांढरे, चेहरा कोळशासारखा. त्यातून माणूस नखाएवढं, त्याचं तोंड तांदळाच्या दाण्याएवढं. चेहरा कुणाचा आहे हे ते बघतच नसत. बुबुळांचे दोन ठिपके कुठे वळलेत, तेवढंच बघत. टक्, टक्. शेजारच्या खोलीत शिवताना मला तो आवाज ऐकू यायचा.

खोटं कशाला सांगू, फोटो चांगले असायचे. बसथांब्यावर एक बाई बुटातला खडा झटकतेय आणि तोल सावरायला तिनं शेजारच्या परक्या माणसाच्या खांद्यावर हात ठेवलाय. तो बिचारा अंग चोरून, श्वास रोखून उभा. बाईला पत्ताच नाही. तो फोटो बघून मी रागावणं विसरले होते. वाचनालयाच्या हॉलमध्ये त्यांनी एकदा चार दिवस फोटो मांडले. बघायला आलेल्यांत निम्मे आमचे नातेवाईक, आणि त्यांचा सगळ्यांचा एकच प्रश्न: "पण ह्यात तुमच्या घरचे कुठायत?"

घरचे नव्हतेच. घरच्या माणसाचा फोटो काढायचा नाही, हे दुसरं तत्त्व. घरचं माणूस कॅमेऱ्याकडे बघतंच, म्हणायचे. आम्हाला एकच मुलगी. लहानपणीचे तिचे फोटो आहेत, ते माझ्या भावानं काढलेले. त्याचा कॅमेरा बिघडला तेव्हा ती अकरा वर्षांची होती. त्यानंतर तिचा फोटो काढायचं कुणाच्या मनातच आलं नाही, कारण घरात फोटोवाला होता. ही गोष्ट आजही आठवली की मला स्वतःच्या दोन मुस्कटात माराव्याशा वाटतात.

ती मोठ्या दवाखान्यात लागली, नोंदणीच्या खिडकीवर. पहिल्या पगाराच्या दिवशी तिला मी मोठ्या कॉलरचा, कंबरेला पट्टा असलेला कोट शिवून दिला. तो घालून ती ह्यांच्यासमोर उभी राहिली.

"बाबा, माझा एक काढा ना."

"तू बघशील कॅमेऱ्याकडे."

"नाही बघणार. शप्पत."

"मग ये की चौकात. माझ्याकडे न बघता चालत जा. आलीस तर आलीस फोटोत."

"बघाच आता," ती म्हणाली. आम्ही तिघंही हसलो आणि जेवायला बसलो. मी ते विसरले. हेही विसरले.

त्यानंतर दोन वर्षांनी तिला ताप आला. चार दिवस तो उतरला नाही. पाचव्या दिवशी, ज्या दवाखान्यात ती लोकांची नावं लिहून घ्यायची तिथेच ती गेली. तेवीस वर्षांची होती. याच्यापुढे त्याबद्दल मला लिहिता येत नाही.

फोटोची गरज कशी असते ते मला तेव्हा कळलं. घरात तिचा मोठेपणीचा एकच फोटो सापडला, दवाखान्याच्या ओळखपत्रावरचा. गालावर अर्धा शिक्का आणि डोळे मिटत आलेले, शिंक यायच्या आधी होतात तसे. ह्यांनी तो मोठा करून आणला. मी बघितला आणि पालथा घातला. तो चेहरा माझ्या मुलीचा नव्हता. तिचे डोळे टपोरे होते, बोलायच्या आधी तेच बोलायचे.

सहा महिने गेले आणि मला ते डोळे आठवेनासे झाले. भावानं काढलेल्या फोटोंतले डोळे लहान पोरीचे होते, ते उपयोगाचे नव्हते. आवाज आठवायचा, चालणं आठवायचं, कोटाची मापं तर आजही तोंडपाठ आहेत. पण चेहरा आठवू गेलं की ओळखपत्रावरचे ते मिटके डोळे आडवे यायचे. मी आई आहे आणि मला माझ्या मुलीचे डोळे आठवत नाहीत, हे कुणाला सांगायचं? मी ह्यांना सांगितलं, आणि नको तेही बोलले. "साऱ्या दुनियेचे फोटो काढलेत. तिचा एक काढला असता तर तुमची बोटं झडली असती का?" त्यांनी ऐकून घेतलं. कॅमेरा ती गेली त्या दिवसापासून खुंटीवरच होता.

एका रविवारी दुपारी, हे घरी असताना, दवाखान्यातली तिची जोडीदारीण आली. दोघी एकाच खिडकीवर बसायच्या. खणात राहिलेल्या तिच्या वस्तू घेऊन आली होती, एक पेला, एक छत्री, केसांचा चाप. चहा पिताना ती सहज बोलून गेली.

"काकू, तिचे फोटो तरी काकांकडे भरपूर असतील ना?"

मी मान हलवली.

"असं कसं? दुपारच्या सुट्टीत ती मुद्दाम लांबच्या रस्त्यानं जायची, काकांच्या चौकातून. आठवड्यातून एकदा तरी. निघताना म्हणायची, आज बघणारच नाही मी त्यांच्याकडे. आणि परत आली की हसत सांगायची, आजही बघितलंच गं. राहवतच नाही."

माझ्या हातातली बशी खाली ठेवायचंही मला सुचलं नाही. दोन वर्षं! दर आठवड्याला! ती आहे, ती आमच्या पलंगाखालच्या बुटांच्या खोक्यांत आहे, डोळे उघडे ठेवून आहे. मी ह्यांच्याकडे वळले. ते खुर्चीत बसले होते आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. मला वाटलं आनंदानं.

"उठा," मी म्हटलं. "खोकी काढा."

"नको," ते म्हणाले.

"नको काय? उठा!"

ते उठले नाहीत. ती मुलगी बावरून निघून गेली. खोकी मीच ओढली. त्यांच्यावर तारखा होत्याच. मी पट्ट्या काढून खिडकीच्या काचेवर धरत गेले. पांढऱ्या केसांची, काळ्या तोंडांची माणसं एकामागून एक. चेहरा ओळखणं माझ्याही आवाक्यातलं नव्हतं. पण कोट मी शिवलेला होता. त्याचा डावा खिसा माझ्याकडून अर्धा बोट खाली लागला होता. उसवते म्हटलं तर ती म्हणाली होती, राहू दे, हात बरोबर जातो. तो खिसा मी कुठेही ओळखला असता, उलटाही आणि नखाएवढाही.

तिसऱ्या खोक्यात सापडला. कॉलर, पट्टा, खाली लागलेला खिसा आणि त्यात घातलेला हात. मी मोठ्यानं ओरडले, "अहो, सापडली! सापडली!" मग पट्टी आणखी जवळ धरली. कॉलरच्या वर एक गोल भोक होतं. त्यातून खिडकीतला उजेड आरपार येत होता.

मी वळून बघितलं. त्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं होतं. त्यांना ते मघाशीच कळलं होतं, त्या मुलीचं वाक्य पुरं व्हायच्या आत.

संध्याकाळपर्यंत मी सगळी खोकी पालथी घातली. कोट एकूण सतरा वेळा सापडला. सतराच्या सतरा चौकटींना भोक.

"माझ्या पोरीला भोकं पाडलीत तुम्ही," मी म्हटलं.

"मला माहीत नव्हतं गं."

"माहीत करून घ्यायचं नव्हतं तुम्हाला. बघितलं कधी, कोण आहे ते? ती तिथून जायची तेव्हा कावळे बघत होतात. घरी आणलीत तेव्हा बुबुळं बघत होतात. एवढ्यांदा आली ती तुमच्यासमोर, एवढ्यांदा!"

मी आणखी खूप बोलले. शेवटी माझाच घसा बसला. पुढचे कितीतरी दिवस आम्ही एका घरात पाहुण्यांसारखे राहिलो.

मग एका रविवारी त्यांनी न विचारता न्हाणीघराच्या खिडकीला घोंगडी लावली. मी अडवलं नाही. त्यांनी त्या सतरा चौकटी छापल्या आणि ओले फोटो दोरीवर टांगले. भोकातून उजेड सरळ कागदावर पडतो, म्हणून छापल्यावर भोकाच्या जागी काळी कुळकुळीत टिकली येते. सतरा वेळा माझी मुलगी कोट घालून चालत येतेय आणि सतरा वेळा तिच्या तोंडावर काळं वर्तुळ. मागची माणसं मात्र लख्ख दिसतात. एक केळीवाला आहे, दोन कॉलेजातल्या पोरी आहेत. त्यांना काही झालेलं नाही.

फोटो वाळल्यावर मी ते जेवणाच्या टेबलावर मांडले. नीट बघितलं तर सगळी भोकं अगदी एका जागी नव्हती. एकात वर्तुळ केसभर वर सरकलेलं, त्याखाली हनुवटी आणि ओठाची कड सुटली आहे. एकात कपाळ आहे. एकात उजवा कान आणि त्यातला खडा. मी शिवणारी बाई, तुकड्यांतून कपडा करणं मला जमतं. मी ते फोटो एकमेकांवर सरकवून बघितले, कापून बघितले, टाचण्यांनी जोडून बघितले. कपाळ जमलं, गाल जमला, हनुवटी जमली. डोळे एकातही नव्हते. ह्यांचा हात तेवढ्या जागी सतरातून एकदाही चुकला नव्हता.

ते पलीकडे उभे राहून माझं जोडकाम बघत होते. किती दिवसांनी मी त्यांच्याशी बोलले.

"अहो, हसत होती का हो ती?"

त्यांनी बराच वेळ आठवून बघितलं. मला दिसत होतं की ते खरोखरच आठवतायत.

"नाही सांगता येत," ते म्हणाले. "बघत होती, एवढं नक्की. बघत नसती, तर भोक पाडलंच नसतं."