काचेआडची घोणस

प्राणिसंग्रहालयातल्या सर्पालयाच्या अकरा काचा पुसायच्या, हे सोनूबाईचं काम. सापांनी तिला कधी त्रास दिला नाही. त्रास दिला तो माणसांच्या बोटांनी. रविवारी काचेवर इतके ठसे उमटायचे की आत साप आहे की साडीचा काठ, तेच कळू नये. वर टकटक चालूच.

"हलंना की ह्यो!"

"रबरी असंल."

"रबरी न्हाय रं, सेल संपला असंल."

"ओ पावणं," सोनूबाई फडकं खांद्यावर टाकून पुढं यायची, "तुमच्या दारावर दिवसभर कुणी टकटक केली तर तुम्ही नाचून दावताय का?"

पावणं गप. साप तर मुळातच गप.

सोनूबाई राहायला कोल्हापूरच्या कळंब्यात, पण माहेर शिरोळकडचं. तिथं ऊस, नदी आणि थोरला भाऊ केरबा. सहा वर्षांमागं ऊसतोडीत पाचटाखाली केरबाला 'अजगराचं पिल्लू' घावलं. टोळीतल्या पोरींना दाखवायला यानं ते मधोमध धरून उचललं. "भिऊ नगा गं, गरीब जनावर हाय," एवढं बोलून होईतो गरीब जनावरानं हाताला कडकडून चावा घेतला. तीन आठवडे दवाखाना झाला. डॉक्टरांनी सांगितलं, घोणस. केरबा घरी आला तेव्हा डाव्या हाताची दोन बोटं कायमची वाकडी झाली होती, ताठा मात्र होता तसाच.

"डाक्टर काय उसात गेलता? अजगरच हुता. जरा तापट हुता, एवढंच."

सोनूबाईनं त्याला किती वेळा सांगितलं. पण धाकट्या बहिणीचं ऐकेल तर तो केरबा कसला!

औंदा जानेवारीत सर्पालयात नवे फलक लागले. चार नंबरच्या काचेवर ठळक अक्षरांत 'घोणस – अतिविषारी', आणि खाली फांदीवर सुस्त पसरलेला, नेटवरून उचललेला, झकास, गुबगुबीत अजगर! सोनूबाईनं काचेत पाहिलं, फलकावर पाहिलं, परत काचेत पाहिलं. आतल्या घोणशीच्या पाठीवर काळपट टिक्क्यांच्या तीन साखळ्या, अगदी ओवल्यासारख्या. फलकावरच्या अजगराच्या अंगावर फाटक्या नकाशासारखे पट्टे. आंधळ्यालाही चाचपून कळावं.

ती तडक सर्पालय सांभाळणाऱ्या धैर्यशील साहेबांकडं गेली. साहेब बोलायचे ते पत्र वाचून दाखवल्यासारखं. घरात चहा मागतानाही 'सदर चहा' म्हणत असावेत.

"हे बघा सोनूबाई, सदर फलक वरिष्ठ स्तरावरून मंजूर होऊन आलेला आहे. त्यातील छायाचित्राबाबत आपल्या स्तरावर निर्णय घेता येत नाही."

"साहेब, वरनं मंजूर झालं म्हणून साप बदलत न्हाय."

"आपण काचेकडे लक्ष द्यावे."

"काचंकडंच बघत हुते की. म्हणून तर दिसलं."

तिथंच मिटलं असतं. पण पुढच्या आठवड्यात केरबा कोल्हापूरला आला आणि बहिणीचं काम बघायला सर्पालयात शिरला. चार नंबरच्या काचेत घोणस दगडामागं दडलेली, शेपटीसुद्धा दिसेना. त्यानं फलक बघितला आणि मांडीवर थाप मारली.

"सोने! हितं काय लिवलंय? घोणस. आनि ह्यो फोटू. मला चावलं ते असलं हुतं का? न्हाय! म्हंजी मला घोणस चावलीच न्हाय! सरकारी बोर्ड हाय, खोटा असंल व्हय?"

"दादा, फोटू चुकलाय."

"तुझा सायब चुकंल, बोर्ड न्हाय चुकायचा. आता टोळीत सांगतो सगळ्यास्नी. पुन्हा घावलं तर पुन्हा धरीन!"

टोळीत वीस माणसं, त्यात त्याची दोन नातवंडं, आणि सगळी केरबाच्या तोंडाकडं बघून चालणारी. सोनूबाईनं ठरवलं, आता बोर्डावर घोणसच लागली पाहिजे, साहेब हो म्हणोत की न म्हणोत.

लेकीचा जुना मोबाईल तिच्याकडं होता. पहिला फोटो काढला, त्यात घोणशीला चष्मा लागला होता! काचेत सोनूबाईचंच चष्मेवालं तोंड उमटलेलं. दुसऱ्या फोटोत घोणशीच्या डोक्यातून ट्यूबलाइट आरपार गेलेली. तिसऱ्यात साप कमी आणि कुणाच्या तरी तेलकट पंजाचा ठसा जास्त. सोनूबाईनं ओल्या वर्तमानपत्रानं काच घासली, मोबाईल काचेला टेकवून धरला, तिरका धरला. उजेड काही हटेना.

मग तिनं घरचं काळं घोंगडं आणलं. ते डोक्यावरून घेतलं, कडा काचेला दाबून धरल्या आणि आत मोबाईल घेऊन उकिडवी बसली. आत अंधार, पुढं फक्त काच आणि घोणस. आता काचेत माझं तोंड न्हाय, ट्यूबलाइट न्हाय, झकास!

बाहेर मात्र वेगळंच सुरू झालं.

"अगं बाई, अंगात आलंय जणू!"

"नागोबाम्होरंच बसलीया की."

कुणीतरी घोंगड्यावर चिमूटभर कुंकू टाकलं. मग कानाजवळ दबका आवाज, "आई, थोरल्याचं लगीन कवा जमंल?"

"बाजूला सर, सावली पडतीया!"

"सरते आई, सरते," म्हणत ती बाई खरंच मागं सरली, आणि वर दुसरीला सांगितलं, "लई कडक हाय."

असे चार दिवस गेले. घोणस एकदा पाठ करून बसली, एकदा पाण्याच्या भांड्यात तोंड घालून. शुक्रवारी दुपारी कुणीतरी काचेवर थाप मारली आणि घोणस फुगली. कुकरच्या शिट्टीसारखा फूत्कार काचेतूनही ऐकू आला. त्रिकोणी डोकं वर, अंग गोळा, तीन साखळ्या लख्ख. सोनूबाईचा हात हलला नाही. एकदाच बटण दाबलं.

शाहूपुरीतल्या स्टुडिओवाल्या गणपतीनं फोटो मोठा करून बघितला.

"आक्का, नेटवरनं याच्यापेक्षा भारी काढून देतो की. एकदम चकाचक."

"नेटवरच्यानंच घोळ घातलाय. माझाच मोठा कर. बोर्डावर बसंल एवढा."

रविवारी सकाळी, गेट उघडायच्या आधी, तिनं खळ लावून तो फोटो अजगरावर चिकटवला. केरबाला आदल्या दिवशीच फोन केला होता, "ये दादा, तुझा तापट अजगर दावते."

दहा वाजता धैर्यशील साहेब आले. गर्दी होतीच.

"सदर प्रकार कोणी केला? तातडीने काढून टाका."

"मी केला. आनि मी काढणार न्हाय." सोनूबाई फलकापुढं उभी राहिली. "तुम्ही काढा साहेब. पर काढताना ह्या सगळ्यांम्होरं मोठ्यानं म्हणा, आतली ही घोणस न्हवं, तो अजगर घोणस हाय. मी बाजूला सरते."

साहेबांनी हात पुढं केला. पाहिलं फलकाकडं. पाहिलं काचेत. घोणस त्या दिवशी नेमकी पुढ्यात येऊन पसरली होती, साखळ्यांसकट. हात हवेत राहिला.

"लेखी अर्ज द्यावा लागेल," ते जरा हळू म्हणाले.

"अर्ज ह्योच. भिंतीवर लावलाय."

गर्दीतून केरबा पुढं आला. फोटोजवळ गेला. त्याची वाकडी बोटं आपोआप धोतराच्या सोग्यात शिरली. मग त्यानं साहेबांकडं मान वळवली.

"साहेब, त्याला हात लावू नगा."

"आपण कोण?"

केरबानं हात सोग्यातून काढून सगळ्यांपुढं धरला. "हिनं चावलेला माणूस."

मग बहिणीकडं बघून, आवाज खाली आणून, "सोने... जरा तापट हाय, न्हाय?"

"तापट न्हाय दादा. घोणस हाय."

साहेब 'वरिष्ठांना कळवतो' म्हणत ऑफिसकडं गेले. केरबानं शेजारी उभ्या असलेल्या पोरीला मनगटाला धरून फलकापुढं उभं केलं, "बघून ठेव, तीन साखळ्या," आणि दाखवायच्या नादात त्याचा पंजा धाडकन काचेवर पडला.

"दादा!" सोनूबाई ओरडली. "आत्ता पुसलीय!"